एका तासाचे दोन आकडे

कृष्णवेणीने तीच आज्ञा चौथ्यांदा टाइप केली, एंटर दाबला आणि पाठ न टेकता पडद्याकडे बघत बसली. हार्डडिस्क थोडा वेळ कुरकुरली. मग तीच ओळ पुन्हा उमटली. आठ नोंदी नाकारल्या आहेत.

"अजून?" पलीकडच्या टेबलावरून गोमतीने विचारले.

"अजून. तेवढ्याच आठ."

"मी तीनदां ताडून पाहिलें, अक्का. रजिस्टरांत आहे तेंच मारलें आहे."

गोमती गिरणीची टायपिस्ट. दोघीच खोलीत असल्या की त्या घरच्या, तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या मुरलेल्या जुन्या मराठीत बोलत. दार वाजले की तमिळमध्ये. दोन महिने गोमती जुनी रजिस्टरे कॉम्प्युटरात उतरवत होती; ते टायपिंग संपले होते आणि आता एकेक वर्ष डेटाबेसात चढत होते. बोटे चालली की तिचे डोळे कागदावरून हलत नसत. समोर जे असेल ते ती टाइप करी आणि त्यात तिची चूक सहसा निघत नसे. कृष्णवेणीला हे माहीत होते, म्हणूनच तिला जास्त राग येत होता.

गिरणी उकड्या तांदळाची. साळ भिजवायची, वाफवायची, मग ड्रायरमध्ये गरम हवेने वाळवायची आणि नंतर यंत्रात सडायची, म्हणजे टरफल काढायचे. सगळा जीव त्या वाळवण्यात. हवा अठ्ठ्याहत्तर अंशांच्या आसपास राहिली तर दाणा अखंड निघतो. नव्वदीच्या वर गेली की आतल्या आत तडकतो आणि यंत्रात पडल्यावर त्याची कणी होते. म्हणून प्रत्येक ड्रायरचे तापमान दर तासाला रजिस्टरात लिहायची पद्धत पहिल्यापासून होती. या जानेवारीत, म्हणजे सत्त्याण्णवच्या सुरुवातीला, मालक नटराज यांनी ड्रायरपासून ऑफिसपर्यंत वायरी ओढून घेतल्या. आता तापमान दर मिनिटाला आपोआप एसक्यूएल डेटाबेसच्या तक्त्यात जाऊन पडे. तो तक्ता बांधला होता कृष्णवेणीने.

तेवढ्यावर थांबते तर बरे होते. पण आखाती देशांत तांदूळ पाठवणाऱ्या चेन्नईच्या एका कंपनीने गिरणी बघायला माणूस पाठवतो असे कळवले आणि नटराज यांच्या डोक्यात आले की त्याच्यापुढे एकदम पंधरा वर्षांचा अहवाल ठेवावा. बटण दाबले की कागद बाहेर. तो माणूस शुक्रवारी येणार होता. आज मंगळवार. त्यातून दुपारी दोन ते चार वीज जाई. बॅटरी वीस मिनिटे तग धरी आणि ती वीस मिनिटे एकसारखी टिटवीसारखी ओरडे.

"कोणची तारीख?" गोमती उठून जवळ आली.

"नऊ जुलै चौऱ्याऐंशी. ड्रायर दोन. सकाळचे सहा ते दुपारचा एक."

नियम साधा होता आणि तो कृष्णवेणीनेच घालून दिला होता. ड्रायर तोच, दिवस तोच, तास तोच, तर नोंद एकच. दुसरी आली की यंत्र ती घेत नाही. म्हणजे त्या सकाळच्या आठ तासांसाठी गोमतीने दोन-दोन आकडे भरले होते.

"तें पान आठवतें मला," गोमती म्हणाली. "दोन पानें चिकटली होतीं. बांधणाऱ्याचा डिंक सांडला असेल म्हणून मी पट्टीनें सोडवलें."

कृष्णवेणीने कपाटातून चौऱ्याऐंशीचे रजिस्टर काढले. त्या काळी सुटी पाने भरत आणि वर्षअखेरीला ती बांधून घेत. लाल कापडाची पाठ हाताला लागताच सुटली. तिने जुलै काढला. पाच, सहा, सात, आठ. मग नऊ, आणि त्याच्या मागे पुन्हा नऊ.

पहिले पान तिच्या वडिलांच्या हातचे होते. वासुदेवराव या गिरणीत एकतीस वर्षे ड्रायरवर होते. त्यांचे गोल, सुटे अक्षर तिने झोपेतही ओळखले असते. अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, असे खाली एकपर्यंत. शेवटी सही. मागच्या पानावरचे अक्षर तिरपे, बॉलपेन कागदात रुतवून लिहिलेले. अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, शहाऐंशी, एक्याण्णव, पंच्याण्णव, सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. खाली सही, शंकरनारायण.

डिंक सांडलेला नव्हता. चारही कडांना नीट ओळीने लावलेला होता.

"तुमच्या अप्पांचें ठेवायचें ना?" गोमतीने विचारले. "ड्रायरवाले तेच होते. हा कोणी बदलीचा असेल."

कृष्णवेणी उत्तर देणार होती, पण तारखेवरचे तिचे बोट हलेना. आठ जुलै तिचा वाढदिवस. चौऱ्याऐंशीत ती बावीस वर्षांची झाली आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तिरुचीला कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमाची मुलाखत होती. पहाटेची पॅसेंजर. अप्पा बरोबर होते. रजा घेतली आहे म्हणाले होते. कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली ते दुपारपर्यंत बसले आणि ती जेव्हा जेव्हा खिडकीतून बघे तेव्हा मनगट उलटून घड्याळ बघत असत. परतीची गाडी चुकेल म्हणून घाबरतात, असे तिला वाटले होते. संध्याकाळी कुंभकोणम् स्टेशनवर त्यांनी तिला रिक्षात बसवून दिले आणि स्वतः घरी न येता तसेच गिरणीत गेले.

"अक्का?"

"राहूं दे आज," ती म्हणाली आणि रजिस्टर पिशवीत घातले.

बॅटरी ओरडू लागली होती.

वासुदेवराव ओट्यावरच बसले होते. घरात ती आणि अप्पा दोघेच. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षे झाली होती, पण गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या चालण्यात एक वेगळाच तोरा आला होता. आपली रजिस्टरे कॉम्प्युटरात जाताहेत हे त्यांचे गल्लीतल्या प्रत्येकाला सांगून झाले होते. पुण्याहून आलेल्या एका नातलगाने मागे त्यांच्या "मी लिहिलों"ला हसून "मी लिहिलं म्हणा" असे सुचवले, तेव्हा ते म्हणाले होते, कसेही म्हणा, एकतीस वर्षे लिहिलों ना!

"आज कोठपर्यंत आलीं माझीं रजिस्टरें?"

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली. "आंत या, अप्पा."

तिने रजिस्टर उघडून मधल्या खोलीतल्या बाकावर ठेवले आणि ती दोन पाने वेगळी केली. वासुदेवरावांनी चष्मा लावला. पहिले पान पाहिले. दुसरे पाहिले नाही. तळवा त्यावर ठेवला, झाकल्यासारखा.

"हें कसें सुटलें?"

"पट्टीनें."

बाहेर कोणीतरी हातपंप हापसत होते. कृष्णवेणी उभीच राहिली. बसली तर आपला आवाज मऊ पडेल असे तिला वाटत होते.

"त्या दिवशीं तुम्ही माझ्यासंगें तिरुचीला होतां."

"होतों."

"रजा घेतली म्हणालां."

"मागितलों. थोरल्या मालकांनीं दिली नाही. दुसरा ड्रायरवाला आजारी होता." त्यांनी तळवा उचलला नाही. "शंकर वाफेच्या हौदावर होता. माझीच पाळी. तो म्हणाला, जा रायर, आठ तास मी दोन्ही पाहतों. कोणाला कळणार नाही."

तमिळ माणसे त्यांना रायरच म्हणत.

"मग?"

"वाफेचा व्हॉल्व अडकला. त्याला ती दुसरी तोटी कोठे आहे तें माहीत नव्हतें. मी दाखवलों नव्हतों. तो जें पाहिला तें लिहिला. एक आकडा खोटा घातला नाही." ते थांबले. "मी परतून येऊन पाहिलों. साळ अजून सडायला गेली नव्हती. वाटलें, निभेल. हें पान लिहून वर ठेवलों."

"आणि निभलें नाही."

"तिसऱ्या दिवशीं सगळी कणी. थोरले मालक रजिस्टर उघडून बसले. ड्रायर ठीक, अठ्ठ्याहत्तर. मग चूक कोणाची? वाफेची."

कृष्णवेणीने पदर खोचला, पुन्हा सोडला. वाफेच्या हौदावरचा एक माणूस एकदा काढून टाकला होता, असे तिने लहानपणच्या इतर गोष्टींसारखे कधीतरी ऐकले होते. त्याला नाव होते हे तिला आज कळत होते.

"तो कां बोलला नाही?"

"मी त्याचा हात धरलों." वासुदेवराव भिंतीकडे बघत म्हणाले. "चार दिवस थांब म्हणालों. मग मीच जाऊन सांगतों म्हणालों."

"मग?"

"मग चार दिवस गेले."

ती मोरीत गेली. नळ नीट बंद होता, तरी तिने तो आणखी पिळला. परत आली तेव्हा ते पानावरून तळवा सरकवून शंकरनारायणचे आकडे वाचत होते, एकेक, ओठ हलवत.

"हें फाडून कां टाकलां नाही?" तिने विचारले. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा वर गेला. "एवढें केलां, मग हेंच तेवढें कां ठेवलां?"

"खरें होतें तें. खरें पान कसें फाडूं?"

"आणि लपवलेलें चालतें?"

त्यांनी चष्मा काढला. "आतां कोणचें घालणार तूं?"

"एकच जातें. एका ड्रायरांत एका वेळीं तापमान एकच असतें, अप्पा. दोन घेत नाही तें."

रात्री त्यांनी ताक-भात अर्धा ठेवला. तिनेही आग्रह केला नाही.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला गोमती धावत आत आली. "अक्का, तुमचे अप्पा. फाटकावर."

वासुदेवराव टाउन बसने आले होते. धुतलेला शर्ट, बगलेत छत्री, चेहरा उन्हाने लाल. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच फाटकाच्या आत येत होते, आणि जुने दोन-तीन हमाल त्यांना बघून उभे राहिले होते. ते थेट नटराज यांच्या खोलीत गेले. कृष्णवेणी मागोमाग गेली.

"रायर!" नटराज खुर्चीतून अर्धे उठले. ते चाळिशीचे, नेहमी घाईतले, पण जुन्या माणसांना मान देणारे गृहस्थ. "एवढ्या उन्हातून कशाला आलात? निरोप धाडायचा होता. बसा, बसा."

वासुदेवराव बसले नाहीत. त्यांनी उभ्यानेच, तमिळमध्ये, पाठ केल्यासारखे एका दमात सगळे सांगितले. रजा नाकारली. मी गेलो. त्याने पाहिले. मी पान बदलले. त्याची नोकरी गेली. सांगून झाल्यावर छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

नटराज यांनी पेन खाली ठेवले होते. "कोण शंकरनारायण?"

"वाफेवरचा. तिरुनागेश्वरम्‌चा."

"मला आठवत नाही. मी तेव्हा कोइम्बतूरला शिकत होतो." ते थोडे हसले, कुत्सितपणे नव्हे. "रायर, तेरा वर्षं झाली. माझे वडील गेले. तो बॉयलर भंगारात गेला. ड्रायरसुद्धा तो राहिला नाही. हे आज मला सांगून मी काय करू?"

"मला काहीतरी बोला, सार."

"काय बोलू तुम्हांला? एकतीस वर्षांत एका दिवसाची गोष्ट. लोक महिनेच्या महिने घरी बसून भरत." त्यांनी घंटी दाबून कॉफी सांगितली आणि कृष्णवेणीकडे वळले. "दोन दिवस काम अडकलंय ते ह्यामुळेच का?"

"होय सार. दोन्हींतला एक आकडा काढावा लागेल."

"मग अठ्ठ्याहत्तर ठेवा आणि पुढे चला."

"सत्त्याण्णव खरा आहे, सार."

"महिन्याच्या सरासरीत किती फरक पडतो?"

तिने ते काल रात्रीच काढले होते. "अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चारचे पाच होतात."

"एक दशांश!" नटराज यांनी कपाळाला हात लावला. "एका दशांशासाठी या माणसाला तुम्ही उन्हातून आणलंत?"

"मी आणलं नाही. आणि सार, अहवालात महिन्याचं कमाल तापमानही छापतो आपण. तिथे सत्त्याण्णव दिसेल."

"तो रकाना काढून टाका. त्याने मागितलेला नाही. सरासरी पुरे." ते क्षणभर थांबले. "तक्त्यात आत काय ठेवायचं ते तुम्ही बघा. माझ्यापुढे शुक्रवारी कागद आला पाहिजे."

कॉफी आली. वासुदेवराव नको म्हणाले. नटराज यांनी स्वतः कॉफीचा पेला त्यांच्या हातात दिला. मग वासुदेवराव उभ्याउभ्याच प्यायले, सगळी, शेवटच्या घोटापर्यंत, जशी पूर्वी पगाराच्या दिवशी थोरल्या मालकांपुढे पीत तशी. फाटकापर्यंत कृष्णवेणी त्यांच्याबरोबर गेली.

"रागावला सुद्धां नाही," ते म्हणाले.

"बस समोरच्या बाजूला थांबते," ती म्हणाली.

खोलीत येऊन तिने पडदा सुरू केला. सुटका करून घ्यायची एक वाट होती आणि ती तिला कालपासून दिसत होती. नियमात लिहिणाऱ्याचे नावही धरले, तर यंत्र दोन्ही नोंदी मुकाट्याने घेतले असते. ड्रायर तोच, तास तोच, पण माणूस वेगळा. कोणाचे काही खोडावे लागले नसते. तिने तशी आज्ञा अर्धी टाइपही केली. मग बॅकस्पेसवर बोट दाबून धरले आणि अक्षरे एकेक करून जाताना बघत राहिली.

वडिलांच्या आठ नोंदी तिने काढून टाकल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या आठ भरल्या. ड्रायर दोन, नऊ जुलै, सहा वाजता, अठ्ठ्याहत्तर, शंकरनारायण. सात वाजता, एक्याऐंशी, शंकरनारायण. असे एकपर्यंत. यंत्राने त्या लगेच घेतल्या. एवढे झगडल्यावर काहीतरी वाटायला हवे होते. वाटले ते एवढेच, की अजून बारा वर्षांची रजिस्टरे चढवायची राहिली आहेत आणि त्यांतल्या सात वर्षांवर अप्पांची सही आहे. आता प्रत्येक पानाला बोटाने चाचपून बघावे लागणार.

"घेतलें?" गोमतीने विचारले.

"घेतलें."

"कोणाचें?"

कृष्णवेणीने पडदा तिच्याकडे वळवला. गोमतीने वाचले आणि पंच्याऐंशीचे रजिस्टर पुढे ओढले. त्या दोन दिवसांत तिने पहिल्यांदाच, आकडे ताडता ताडता, पाने उलटून पाहिली.

शुक्रवारी चेन्नईचा माणूस आला. त्याने पंधरा वर्षांच्या अहवालाची पहिली तीन पाने चाळली, हा कागद दोन्ही बाजूंनी भोके नसलेला मिळतो का असे विचारले आणि जेवायची वेळ झाली म्हणून उठला. नटराज खूश होते. जाताना त्यांनी कृष्णवेणीला अंगठा उंचावून दाखवला. तिने मान हलवली. प्रिंटरमध्ये अडकलेला कागदाचा तुकडा ती चिमट्याने काढत होती.

शनिवारी सगळे गेल्यावर तिने आणखी एक अहवाल काढला. तो कोणी मागितलेला नव्हता. एकच दिवस, एकच ड्रायर, एकच पाळी. तास, तापमान, नोंद करणारा. आठ ओळी. खाली कमाल तापमान. एक पानसुद्धा भरले नाही.

रविवारी जेवण झाल्यावर वासुदेवराव स्वतःच म्हणाले, "तिरुनागेश्वरम्‌ला जाऊं या."

"मी कागद काढला आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. तुझ्या पिशवींत पाहिलों."

रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो, तेव्हा देवळात राहूवर दुधाचा अभिषेक होतो. ते पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते आणि रस्ता माणसांनी भरला होता. शंकरनारायणची चौकशी करायला लागली नाही. वासुदेवराव सरळ गोपुराच्या डावीकडच्या गल्लीत तिसऱ्या दुकानाशी जाऊन थांबले. कृष्णवेणीच्या लक्षात आले, ते दुकान त्यांना आधीपासून माहीत होते.

नारळ, विड्याची पाने, फुलांच्या परड्या. मागे साठीचा एक सडसडीत माणूस नारळाची शेंडी सोलत होता. त्याने वर पाहिले.

"रायर," तो म्हणाला. आश्चर्य नाही, राग नाही. स्टुलावरच्या परड्या उचलून त्याने ते पंच्याने पुसले आणि पुढे केले. वासुदेवराव बसले नाहीत.

"शंकर, मी तेव्हा..."

"दोन परड्या द्या, दूध वेगळं," एका बाईने मध्येच हात पुढे केला. शंकरनारायणने परड्या दिल्या, सुटे पैसे दिले. वासुदेवराव थांबले.

"मी तेव्हा जे पान..."

"नारळ पाण्याचा आहे ना?" मागून एक जण. शंकरनारायणने नारळ कानाशी हलवून दाखवला. वासुदेवरावांनी ओठ मिटले. कृष्णवेणीने पिशवीतून कागद काढला आणि नारळांवरून हात लांबवून त्याला दिला.

"काय हे?"

"त्या दिवसाची नोंद," ती तमिळमध्ये म्हणाली. "आता कॉम्प्युटरात आहे. तुम्ही लिहिलेलीच. दुसरी नाही तिथे."

त्याने कागद लांब धरला. आकड्यांवरून बोट खाली नेले, हळूहळू, प्रत्येकापाशी थांबत. सत्त्याण्णवपाशी जरा जास्त थांबला.

"हे माझं नाव?"

"होय."

"इंग्रजीत आहे."

"त्या मशीनला तमिळ येत नाही."

"हं." त्याने कागद घडी करून खिशात घातला, मग बाहेर काढून घडी उलट बाजूने घातली, अक्षरे आत जातील अशी, आणि परत खिशात ठेवला. देवळातली घंटा वाजू लागली तशी गल्लीतली गर्दी एकदम आत वळली. दुकानापुढे तिघेच उरले. वासुदेवरावांना आता बोलायला मोकळीक होती, पण तेच बोलेनात. छत्रीची मूठ घट्ट धरून ते नारळांकडे बघत उभे होते. कोणीतरी आपल्याला आता तरी ओरडावे, अशी वाट बघत असावेत.

शंकरनारायण कृष्णवेणीकडे बघत होता.

"हीच का?"

वासुदेवरावांनी मान हलवली.

"तिला तेव्हा जागा मिळाली का, रायर? कळवायला येतो म्हणाला होतात."

वासुदेवरावांनी मुलीकडे पाहिले.

"मिळाली," कृष्णवेणी म्हणाली.

"कधी कळलं?"

"त्याच वर्षी ऑगस्टात. बावीस तारखेला."

शंकरनारायणने ती तारीख स्वतःशी एकदा उच्चारली. मग तो दुकानाच्या मागच्या दाराकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "अगं, ऐकलंस का? रायरांच्या मुलीला जागा मिळाली!"

आतून एक म्हातारी बाई हात पुसत बाहेर आली. उंबऱ्यात थांबून तिने कृष्णवेणीच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांपासून पायांतल्या चपलांपर्यंत सगळे निरखून पाहिले. मग ती पुढे आली आणि तिने कृष्णवेणीचा चेहरा दोन्ही ओल्या हातांत धरला.